हवामानावर बोला की, साहेब

किस्से गोळा करायला आम्ही कधीच बाहेर पडलो नाही. आम्ही पुढाऱ्यांना एक प्रश्न विचारायला जायचो. उत्तर मिळायचं नाही, आणि अगदीच मोकळ्या हाताने परत यायला नको म्हणून की काय, दर वेळी एखादा किस्सा मिळायचा. पंधरा-एक वर्षांत त्यांचा असा ढीग झाला की आता आम्ही चौघं जमलो आणि कुणी नुसतं 'विश्रामगृह' म्हटलं तरी बाकीचे तिघं हसायला लागतात. चहावाला बिचारा आपल्या शर्टाला काही लागलंय का ते बघतो.

चौघं म्हणजे कोण, ते सांगतो. मी हणमंत. कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझं माईक-स्पीकर भाड्याने द्यायचं दुकान. लग्न, बारसं, गणपती आणि निवडणुका यांच्यावर चाललेलं. कांबळे मॅडम कॉलेजात भूगोल शिकवायच्या. बापू चौगुले नदीकाठच्या एका गावचा, दावणीला म्हशी आणि जिभेला दावं नाही. आणि त्याची बायको अक्काताई, जिच्यापुढे बापूसुद्धा जपून बोलतो.

माझ्या धंद्यामुळे जिल्ह्यातल्या सगळ्या पक्षांची भाषणं मला फुकट ऐकायला मिळाली. साहेबलोक ऊस, रस्ते, गटारी, जात, देव, एकमेकांचे वाडवडील, सगळ्यावर बोलले. पण पाऊस बदलतोय, ऊन वाढतंय, पुढं कसं करायचं, यावर एक वाक्य माझ्या स्पीकरमधून कधी बाहेर पडलं नाही.

पहिल्यांदा पडलं ते मॅडमच्या तोंडून.

*

नव्वदच्या दशकातली विधानसभेची निवडणूक होती. चौकात सभा. उमेदवाराचं भाषण झालं आणि त्याने सवयीने म्हटलं, "कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा." असं म्हणून तो शालही सावरायला लागला, कारण कुणी कधी विचारत नाही.

पुढच्या रांगेतल्या एक बाई उठल्या. सुती साडी, खांद्याला पिशवी. त्यांनी माझ्याकडे हात केला, मी माईक दिला.

"मी भूगोल शिकवते," त्या म्हणाल्या. "जगाचं तापमान वाढतंय असं शास्त्रज्ञ सांगताहेत. त्यांचं म्हणणं असं, की पाऊस येईल तेव्हा एकदम कोसळेल आणि नाही येणार तेव्हा थेंबभर येणार नाही. या उन्हाळ्यात कळंब्याच्या तलावाचा तळ आपण सगळ्यांनी बघितलाय. आपलं शहर नदीकाठी आहे. वीस वर्षांनी काय होईल, आणि त्याची तयारी तुम्ही आजपासून काय करणार?"

उमेदवार हसला. "ताई, मतदान परवा आहे. वीस वर्षांनी न्हाय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाई खाली बसल्या नाहीत. टाळ्या संपेपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, "मतदान परवाच आहे, म्हणून तर आज विचारतेय. उत्तर द्या."

एक कार्यकर्ता स्टेजवरून उडी मारून माझ्याकडे आला. "ए, माईक बंद कर."

"बिघडलाय," मी म्हणालो.

"बिघडलाय? आवाज तर येतोय की."

"तेच बिघडलंय. बंद हुईना."

मॅडमनी तोच प्रश्न आणखी दोनदा विचारला. उमेदवार पाणी प्यायला आणि निघून गेला. त्या पक्षाच्या पुढच्या सभा दुसऱ्या माईकवाल्याकडे गेल्या. दुसऱ्या दिवशी मॅडम दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "तुमचा माईक दुरुस्त करू नका."

*

बापू आम्हाला कसा मिळाला? मॅडम विद्यार्थ्यांना घेऊन नदीकाठच्या गावांत पावसाबद्दल विचारत फिरत होत्या. बापू गोठ्यात होता. तो म्हणाला, "पाऊस येडा झालाय मॅडम. पर त्याला येडा कुणी केलाय, त्ये सांगा." मॅडम तिथंच म्हशीच्या वैरणीवर बसल्या आणि तासभर सांगत राहिल्या. बापूने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "हे साहेबास्नी ठाव हाय?"

"ठाऊक असायला हवं."

"मग चला इचारायला."

त्याला हे इतकं सोपं वाटलं होतं.

*

आमच्या एका खासदारांनी आम्हाला बरेच महिने टोलवलं. कधी दिल्लीत, कधी दौऱ्यावर, कधी पूजेत. शेवटी एका रविवारी त्यांनी स्वतःहून मळ्यावर बोलावलं. आम्ही तिघं गेलो, तर आंब्याखाली पंगत मांडलेली. ताटात सुकं मटण, शेजारी तांबडा, पांढरा रस्सा, वाफा निघताहेत.

"आधी जेवण, मग बोलणं," साहेब म्हणाले.

हा डाव होता, हे आम्हा तिघांनाही कळलं. कोल्हापुरात एवढं जेवल्यावर माणूस प्रश्न विचारत नाही, उशी विचारतो.

बापू ताटावर बसला, पण हात मांडीवरून उचलला नाही. "साहेब, आधी बोलू. मग जेवू."

"अहो पावणं, गार होतंय."

"औंदाचा उन्हाळा बघता काय गार हुईल असं वाटत न्हाय."

साहेब हसले, मग जरा गंभीर झाले. खरं ते बोलले, हे मला मान्य करायला हवं. म्हणाले, "बापू, मी दिल्लीत उठून हवामानावर बोललो, तर माझ्याच पक्षातले हसतील मला."

"हसू द्या की," बापू म्हणाला. "आमास्नी रोजच हसत्यात." आणि तो ताटावरून उठला.

तो उठला म्हटल्यावर मॅडम उठल्या. मॅडम उठल्या म्हटल्यावर मलाही उठावं लागलं. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात अवघड त्याग. परतताना एका गाड्यावर आम्ही भजी खाल्ली, आणि बापू हात पुसत म्हणाला, "वास लई चांगला हुता रं."

पण बातमी पसरली. बापू चौगुले मटणाच्या ताटावरून उठून आला. आम्ही उपोषणाला बसलो असतो तर कुणी ढुंकून बघितलं नसतं. हे ऐकून मात्र गावोगावचे लोक विचारायला लागले, एवढं काय झालं? दोन-चार दिवसांत खासदारांचा माणूस गोठ्यावर आला.

"साहेब इचारत्यात," तो म्हणाला, "नक्की म्हणनं काय हाय तुमचं?"

*

एका निवडणुकीत तर आम्ही जिंकलो असं आम्हाला वाटलं. एका पक्षाच्या जाहीरनाम्यात आमचं वाक्य घ्यायचं ठरलं. मॅडमनी दोन दिवस बसून ते लिहिलं: 'हवामान बदलाला तोंड देण्यासाठी जिल्ह्याचा आराखडा तयार करू.' पक्षाच्या कार्यालयात कुणालातरी ते लांब वाटलं. जागाही कमी होती. त्यांनी ते कापून बाकीच्या वाक्यांच्या मापाचं केलं.

इचलकरंजीच्या सभेत माईक माझाच होता. उमेदवार जाहीरनामा वाचत होता. "रस्ते करू. गटारी करू. जिल्ह्यात हवामान बदल करू."

टाळ्या पडल्या. त्याला चेव आला. "होय, आम्ही हवामान बदल करून दाखवू!"

माझ्याशेजारी पाळी संपवून आलेला एक यंत्रमाग कामगार उभा होता, केसांत कापसाची धूळ. तो म्हणाला, "करा बाबा लवकर. शेडात लई उकडतंय."

मॅडम चार दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. पुढं बऱ्याच वर्षांनी तो विषय निघाला तेव्हा मात्र त्या म्हणाल्या, "त्या जाहीरनाम्यातलं पुरं झालेलं आश्वासन तेवढं एकच."

*

आता विश्रामगृह.

मे महिना, भारनियमनाचे दिवस. दिवसातले कितीतरी तास वीज नसायची. एक मंत्री सरकारी विश्रामगृहावर उतरले होते आणि आम्हाला भेटीची वेळ मिळाली होती. आत गेलो तर एसी असा लावलेला की अक्काताईने पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. बापूने शेजारच्या खुर्चीवरचा टॉवेल पांघरला.

मॅडम तापमानाबद्दल सांगत होत्या. मंत्र्यांनी ऐकलं, अंगावरचं जाकीट सारखं केलं आणि म्हणाले, "मॅडम, खरं सांगू? तुम्ही लोक फार घाबरवता. मला तर काही गरम होत नाही."

तेवढ्यात वीज गेली.

बाहेर जनरेटर सुरू करायची धडपड ऐकू येत होती. तो खोकायचा आणि बंद पडायचा. खिडक्या उघडेनात, कारण त्यांना रंग देऊन चिकटवून टाकलेलं. थोड्या वेळात मंत्र्यांनी जाकीट काढलं. मग वरचं बटण. मग त्यांनी आमचंच पत्रक उचललं आणि त्याने वारा घ्यायला लागले. मॅडम बोलतच होत्या. अखेर ते उठले. "आपण पुन्हा सविस्तर बसू," म्हणाले आणि दारात उभ्या असलेल्या गाडीत जाऊन बसले. गाडीचा एसी चालू होता.

बापू टॉवेल खांद्यावर टाकून मागोमाग गेला. त्याने काचेवर टकटक केली. काच चार बोटं खाली आली.

"साहेब," बापू म्हणाला, "समद्यास्नी एकाच गाडीत बसवाय येईल काय?"

काच वर गेली.

*

दोन हजार पाचचा पूर कोल्हापुरात कुणाला सांगावा लागत नाही. बापूच्या गावाला चारी बाजूंनी पाण्याने वेढलं होतं. मी आदल्या दिवशी बॅटरीवरचा भोंगा घेऊन लोकांना वर चला म्हणून सांगायला गेलतो आणि तिथंच अडकलो. बापू म्हशी सोडून वरच्या माळावर घेऊन गेलेला. आम्ही उरलेले शाळेच्या गच्चीवर. म्हातारी माणसं, पोरंबाळं, आणि सुताराची सून, जिचे दिवस भरलेले. सकाळपासून तिच्या कळा सुरू झाल्या होत्या. अक्काताई तिला मांडीवर घेऊन बसली होती आणि दर थोड्या वेळाने नदीच्या नावाने काहीतरी पुटपुटत होती. ते मला इथे लिहिता येणार नाही.

दुपारी बोट आली. सगळे उठून उभे राहिले. बोटीत एक मंत्री, त्यांचा सचिव, दोन कार्यकर्ते, एक फोटोग्राफर आणि बोट चालवणारे दोन जवान. बोट गच्चीला लागली. मंत्र्यांनी हात वर केला. "घाबरू नका. सरकार तुमच्या पाठीशी आहे."

"पाठीशी नको," अक्काताई म्हणाली. "बोटीत जागा पायजे."

सचिव म्हणाला, "दुसरी बोट पाठवतो. साहेबांना अजून चार गावांची पाहणी करायची आहे."

"गावं कुठं पळून चालली न्हाईत. ही पोरगी बाळंत होतीया. उतरा."

पाण्यातून एक तुटलेलं छप्पर वाहत गेलं. फोटोग्राफरने त्याचा फोटो काढला. मग पुढचा जवान मागं वळून न बघता हळूच म्हणाला, "सर, उतरा. मी यांना सोडून येतो."

मंत्री उतरले. सचिव, कार्यकर्ते उतरले. फोटोग्राफरलाही अक्काताईने दंडाला धरून उतरवलं. सुताराची सून, तिची सासू आणि मावतील तेवढी म्हातारी माणसं घेऊन बोट गेली. तिथून ती आणखी कुठंकुठं लोकांना काढायला गेली आणि संध्याकाळपर्यंत आली नाही.

तो दिवस मंत्र्यांनी आमच्याबरोबर गच्चीवर काढला. पाऊस सुरूच होता. ताडपत्रीखाली त्यांना जागा दिली, चुरमुरे आणि गूळ दिला. ते खाऊन झाल्यावर अक्काताई त्यांच्यापुढे बसली.

"साहेब, ह्ये असं पाणी पुन्ना येनार काय?"

"ही नैसर्गिक आपत्ती आहे, ताई."

"व्हय की. पर निसर्ग असं का कराय लागलाय, त्ये इचारतो मी. तुमास्नी कुणी सांगितलं न्हाय? आमास्नी मॅडमनी सांगितलंय."

मंत्री पाण्याकडे बघत राहिले. ते काहीतरी बोलतील असं मला दोन-तीनदा वाटलं. त्यांचे ओठ हललेही. पण सचिवाने त्यांच्याकडे बघितलं आणि ते गप्प झाले, ते बोट येईपर्यंत.

सुताराच्या सुनेला त्याच संध्याकाळी मुलगी झाली. दोघी सुखरूप.

आणि पेपरात फोटो आला. ताडपत्रीखाली मंत्री, हातात चुरमुरे. वर मोठी अक्षरं: मंत्र्यांनी पूरग्रस्तांसोबत दिवस काढला.

अक्काताईने पेपर लांब धरून वाचला. "काढला न्हाय," ती म्हणाली. "आम्ही काढाय लावला."

*

पाणी ओसरल्यावर आम्ही एक ठरवलं. पाणी जिथवर आलं होतं, तिथवर निळ्या रंगाची रेघ मारायची. खांबांवर, घरांवर, देवळाच्या भिंतीवर. लोकांनी आनंदाने मारू दिली. अडचण आली ती एका मंगल कार्यालयाची.

ते एका पुढाऱ्याचं होतं. नदीकाठच्या शेतात मातीचा भराव टाकून त्याने ते बांधायला काढलेलं. पुरात त्याच्या खिडक्या अर्ध्या बुडाल्या होत्या. वर्षभरात ते बांधून, रंगवून झालं, आणि आम्ही जाऊन त्याच्या भिंतीवर रेघ मारली. पुढाऱ्याने तिच्यावर रंग दिला. आम्ही पुन्हा मारली. त्याने पुन्हा रंग दिला. पहिल्याच लग्नाला आलेल्या वऱ्हाडाला भिंतीवर ओली निळी रेघ दिसली, आणि वराच्या आजोबांनी ती कसली म्हणून विचारलं. तेव्हा मात्र पोलिसांत तक्रार गेली.

आम्हाला चौकीवर बोलावलं. इन्स्पेक्टर नवीन बदलून आलेला, तरुण. "ही रेघ कुणी मारली?"

मॅडम म्हणाल्या, "नदीने. आम्ही फक्त गिरवली."

"मॅडम, भिंत दुसऱ्याची आहे."

"पाणीही त्याला विचारून आलं नव्हतं. पुढच्या वेळी विचारणार नाही. तिथे लग्नाला येणाऱ्या माणसांना हे कळायला नको?"

पुढारी तिथेच बसला होता. तो म्हणाला, "साहेब, ह्यांच्यामुळं लोक भ्यायला लागलेत."

"भ्यालंच पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "तुम्हीही."

इन्स्पेक्टर थोडा वेळ पेन फिरवत राहिला. मग बापूला म्हणाला, "आमच्या या चौकीत किती पाणी आलं होतं?"

बापू उठला. भिंतीपाशी गेला आणि छातीच्या वर हात लावून उभा राहिला. इन्स्पेक्टरने त्याच्या हाताकडे बघितलं, मग स्वतःच्या टेबलाकडे, मग टेबलाखालच्या बंद कपाटाकडे. त्याने हवालदाराला हाक मारली.

"ह्यांच्या डब्यात रंग शिल्लक आहे का, बघ."

*

आणि आता शेवटचा. हा आम्ही हसायला म्हणून कधी सांगत नाही.

त्या दशकाच्या अखेरीची निवडणूक होती. बापूच्या गावच्या शाळेच्या पटांगणात आम्ही सभा ठेवली. सगळ्या पक्षांच्या उमेदवारांना बोलावलं, प्रत्येकासाठी खुर्ची मांडली. एकच विषय: पुराचं, उन्हाचं, पावसाचं तुम्ही काय करणार? चार वाजता गाव जमलं, शेजारची दोन गावंही आली. उमेदवार एकही आला नाही.

लोक चुळबुळायला लागले. मॅडम उठून बोलणार, तेवढ्यात फाटकापाशी एक गाडी थांबली. त्यातून काठी टेकत एक म्हातारे गृहस्थ उतरले. आमच्यातल्या थोरांनी त्यांना ओळखलं. ते पुराच्याही आधी कधीकाळी मंत्री होते. आता कुठल्याच यादीत नव्हते. आम्ही त्यांना बोलावलंही नव्हतं.

ते सावकाश चालत आले आणि पुढच्या रिकाम्या खुर्चीत बसले. दम खाल्ला. मी माईक नेऊन दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला.

"मला ठाऊक हुतं," ते म्हणाले.

अक्काताई बायकांच्या घोळक्यातून उभी राहिली. "काय ठाऊक हुतं, साहेब?"

"समदं. शास्त्रज्ञ येऊन सांगून गेलते. मुंबईत, माझ्या केबिनमध्ये. ऊन कसं वाढणार, पाऊस कसा फिरणार, समदं. मी चहा पाजला त्यास्नी. म्हटलं, आत्ताच बोलायला नको, पुढं बघू." ते थांबले. "माझं गाव बी बुडलं की पुरात. घर पडलं माझ्या भावाचं."

मॅडमचा चेहरा मी बघितला. त्या रागावल्या आहेत की रडताहेत, ते मला कळलं नाही.

गाडीचा ड्रायव्हर धावत आला. खाली वाकून म्हणाला, "साहेब, चला. घरच्यांचा फोन हाय. म्हणत्यात, तिथं काय बोलू नका."

म्हाताऱ्यांनी त्याच्याकडे बघितलंच नाही.

"मग आता बोला की," अक्काताई म्हणाली.

ड्रायव्हर पुन्हा म्हणाला, "साहेब."

"तू गाडी घेऊन जा," म्हातारे म्हणाले.

"आनि तुमी?"

"जा म्हटलं की."

गाडी धूळ उडवत वळली आणि पुलाकडं गेली. अक्काताईने उमेदवारांसाठी मांडलेली एक खुर्ची उचलली, म्हाताऱ्यांच्या अगदी समोर नेऊन ठेवली आणि पदर खोचून बसली.